बाण, हवई आणि रॉकेट

दिवाळीत रिकाम्या बाटलीत उभा करून जो पेटवतात त्याला आपण आजही बाण म्हणतो. श्रीहरिकोट्याहून उपग्रह घेऊन जे वर जाते त्याला मराठी वर्तमानपत्रे अग्निबाण लिहितात. जुन्या मराठीत याच वस्तूला आणखी एक नाव होते, हवई. ते फारसीतून आले. बाणात भरतात ती दारू. दारूत लागतो तो शोरा, हाही शब्द फारसी. त्यासोबतचा गंधक संस्कृत. कोळसा घरच्या चुलीतला. आणि हे सगळे पेटले की होते ती आतषबाजी. एका फटाक्यात इतक्या भाषा ठासून भरल्या आहेत, आणि तो उडवताना कुणाला त्याची अडचण होत नाही. अडचण होते ती त्याचा इतिहास सांगताना.

सध्या मॉडेल रॉकेट नावाचा छंद आपल्याकडेही हळूहळू येतो आहे. पुठ्ठ्याची नळी, शेपटाकडे हलक्या लाकडाचे तीन-चार पंख, पुढे निमुळते टोक आणि आत घडी करून ठेवलेली छोटी छत्री, एवढाच त्याचा संसार. परदेशात मुलांची मंडळे वर्षातून काही दिवस मोकळ्या मैदानात जमतात, उलटी मोजणी करतात, एकेकाचे रॉकेट सोडतात आणि ते छत्रीने उतरले की धावत जाऊन उचलून आणतात. आपल्याकडे महाविद्यालयांच्या पातळीवर अशा स्पर्धा सुरू झाल्या आहेत. उद्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या आशागडसारख्या गावात एखाद्या युवक मंडळाने असा दिवस घेतला, तर जमलेल्या पोरांमधून पहिला प्रश्न येईल, "रॉकेट पहिल्यांदा कोणी बनवले?" उत्तर देणारा शिक्षक महाराष्ट्रातला असेल तर तो क्षणभर थांबेल. कारण उत्तराच्या वाटेत टिपू सुलतान उभा आहे. 2023 च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झाले ते त्या शिक्षकाला आठवत असेल. मग तो एकतर टिपूला वगळेल आणि थेट अमेरिकेवर जाईल, किंवा त्याउलट, आमच्यातला कुणी असेल तर, छाती फुगवून "जगातले पहिले रॉकेट आमच्या टिपूने बनवले" असे सांगून मोकळा होईल. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे आणि ती आपल्या दख्खनची आहे.

दारूचा शोध चीनचा, याबद्दल वाद नाही. अरबांनी शोऱ्याला "चीनचे बर्फ" असे नाव दिले होते, म्हणजे माल कुठून आला हे त्यांनी लपवले नाही. तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माह याने शोरा लाकडाच्या राखेच्या साहाय्याने शुद्ध कसा करायचा आणि बाणाची दारू कोणत्या प्रमाणात मिसळायची हे लिहून ठेवले. लिहून ठेवले, हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

दख्खनमध्ये हा हुनर आधी लग्नाच्या मांडवात दिसतो, मग रणांगणात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा 1400 ते 1900 असा पाचशे वर्षांचा इतिहास लिहिला आणि तो 1953 मध्ये बंगळुरूहून प्रसिद्ध झाला. संस्कृत, मराठी, फारसी आणि फिरंग्यांच्या प्रवासवर्णनांतून त्यांनी एकेक नोंद वेचली आहे. संत एकनाथांच्या रुक्मिणी स्वयंवरात, म्हणजे 1571 च्या सुमारास, लग्नाच्या थाटात हवईपासून फुलबाज्यांपर्यंत दारूकामाचे प्रकार येतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्यावर होते हे ध्यानात घेतले तर पैठणच्या संताला दारूकामाची इतकी बारीक ओळख कशी, याचे नवल वाटत नाही. पुढे 1609 मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने आपल्या एका सरदाराच्या मुलीचे लग्न मलिक अंबरच्या मुलाशी लावून दिले, तेव्हा एकट्या आतषबाजीवर 80 हजारांच्या आसपास खर्च झाल्याचे नोंदलेले आहे. हबशी गुलाम म्हणून दख्खनला आलेल्या माणसाच्या मुलाची ती वरात. (आजच्या लग्नांतला डीजेचा खर्च पाहून हळहळणाऱ्यांनी हा आकडा जपून वापरावा, पोरे त्याचा दाखला देतील.)

मांडवातून बाण फौजेत गेला. मुघल, आदिलशाही, निजाम, मराठे, म्हैसूर, सगळ्यांकडे बाण होते. मराठी कागदांत ते बाण म्हणूनच येतात आणि ते चालवणाऱ्याला बाणदार म्हणत. दक्षिण महाराष्ट्रात बाणदार आडनावाची मुस्लीम घरे आजही भेटतात. 1761 मध्ये पानिपतावर हा बाण मराठ्यांवर उलटला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा दख्खनी ब्राह्मण त्या लढाईचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत देतो. त्यात नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन दोन हजार बाण सोडत पुढे सरकत होते आणि त्या आवाजाने घोडे बिथरत होते असे तो सांगतो. ज्यांना बाण हिंदू की मुसलमान असा हिशेब मांडायचा आहे, त्यांनी या एका वाक्यात कोण कुणाच्या बाजूने लढत होते आणि ते लिहिणारा कोण होता हे आधी लावून पाहावे.

मग म्हैसूरने नवीन काय केले? टिपूने बाण शोधून काढला नाही. हैदरअलीच्या बापाच्या हाताखालीच अर्काटच्या नवाबाचे पन्नास बाणदार होते असे सांगतात, म्हणजे घरात ही विद्या दोन पिढ्यांची. म्हैसूरची करामत नळीत होती. तोवर बाणाची नळी सहसा कागदाची नाहीतर बांबूची असे. दारू नळीत जळते, वायू होतो, तो मागच्या तोंडातून जोराने निसटतो आणि नळी पुढे ढकलली जाते. नळीच्या आत दाब जितका जास्त, तितकी ही ढकल जास्त. पण कागद आणि बांबू फार दाब सोसत नाहीत, फाटतात. त्यामुळे दारू बेताने भरावी लागते. म्हैसूरच्या लोहारांनी मऊ लोखंडाचा पत्रा ठोकून नळी केली, एक तोंड बंद केले, आत दारू घट्ट ठासली आणि नळी चामड्याच्या वाद्यांनी लांब बांबूला बांधली. आठ-दहा इंच लांबीची आणि दीड ते तीन इंच व्यासाची ही नळी हजार यार्डांच्या आसपास जात असे. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. युरोपातल्या कोणत्याही बाणाला तेव्हा एवढा पल्ला नव्हता.

इंग्लंडला वूलविचच्या तोफखान्याच्या संग्रहात गेलेल्या दोन म्हैसुरी बाणांची मापे उपलब्ध आहेत. एकाला सव्वासहा फूट लांबीचा बांबू आहे. दुसऱ्याला बांबूऐवजी तीन फूट चार इंचांचे तलवारीचे सरळ पाते बांधले आहे. हे पाते बाणाला शेपूट म्हणून सरळ ठेवणार आणि खाली पडताना माणसांत गरगरत जाणार. हे वाचून कुणाला अभिमान वाटेल, मला तर आधी अंगावर काटा येतो. ही खेळणी नव्हती.

हैदरच्या काळात बाराशे बाणदार होते, टिपूच्या काळात ते पाच हजारांपर्यंत गेले असे आकडे दिले जातात. टिपूच्या लष्करी नियमांच्या फतहुल मुजाहिदीन या पुस्तकात प्रत्येक कुशूनला, म्हणजे तुकडीला, दोनशे बाणदार नेमून दिलेले आहेत. बंगळुरूच्या जुन्या पेठेत तारामंडलपेट नावाचा भाग बाणांच्या कारागिरीशी जोडला जातो. नाव मोठे सुरेख आहे. आणि शिमोगा जिल्ह्यातल्या नगर या गावी 2018 च्या जुलैमध्ये एका जुन्या विहिरीतून हजाराहून जास्त गंजलेले लोखंडी बाण निघाले. विहिरीतल्या चिखलाला दारूचा वास येत होता, असे पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी तेव्हा सांगितले. नगर म्हणजे हैदरने जिंकलेले बिदनूर.

5 एप्रिल 1799 च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेटच्या आमराईत एक इंग्रज कर्नल आपली तुकडी घेऊन शिरला. अंधार, अनोळखी झाडी आणि समोरून बाण व बंदुकांचा मारा. तुकडी फुटली, काही शिपाई पकडले जाऊन मारले गेले, कर्नलच्या गुडघ्याला गोळी चाटून गेली आणि तो कसाबसा छावणीत परतला. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. चार वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, याच माणसाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत मराठे 1792 ला इंग्रजांसोबत होते, 1799 ला निजाम होता. 1803 ला मराठ्यांची पाळी आली. टिपूचे कुर्ग आणि मलबारमधले वागणे यावर वाद जरूर घालावा, तो घालण्यासारखा आहे. पण सुलतानपेट आणि असई हे एकाच माणसाच्या वाटेवरचे दोन मुक्काम आहेत, हे मराठी माणसाला शाळेत कुणी सांगत नाही.

4 मे 1799 रोजी किल्ला पडला, टिपू मारला गेला. इंग्रजांनी कोठारे मोजली तेव्हा सातशे तयार बाण आणि नऊ हजार रिकाम्या नळ्या निघाल्या. काही नमुने जहाजाने वूलविचला गेले. आणि इथून आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात जाते.

विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने 1804 मध्ये काम सुरू केले. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे लंडनच्या बाजारात मिळणारे सर्वात मोठे बाण स्वतःच्या पैशाने विकत घेतले, उडवले आणि पल्ला मोजला. पाचशे-सहाशे यार्ड. हिंदुस्थानी बाण याच्या जवळजवळ दुप्पट जातो हे त्याला माहीत होते. मग त्याने दारूचे प्रमाण बदलले, मोजले. नळी लोखंडाची केली, मोजले. तोंडाचे भोक बदलले, पुन्हा मोजले. दोनेक वर्षांत पल्ला पंधराशे यार्डांवर गेला, पुढे आणखी वाढला. त्याने बाणांची वजने ठरवून दिली, एका साच्यातून हजारो काढता येतील अशी व्यवस्था केली आणि 1807 पासून या सगळ्यावर पुस्तके छापली. ते बाण 1806 ला फ्रान्समध्ये बूलोन्यावर, 1807 ला कोपनहेगनवर आणि 1814 ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या किल्ल्यावर पडले. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात रॉकेटांच्या लाल उजेडाचा जो उल्लेख येतो तो त्याच रात्रीचा.

काँग्रीव्हचे नाव जगाला ठाऊक आहे. म्हैसूरच्या ज्या लोहाराने पहिल्यांदा पत्रा वळवून नळी बंद केली त्याचे नाव कुणाच्या तोंडी राहिले नाही. ज्याने दारू ठासताना बोटे गमावली असतील त्याचेही नाही. तो मुसलमान होता की आणखी कोणत्या जातीचा, हेही गावकीच्या आठवणीत उरले नाही. राजाचे नाव राहिले. आपण भांडतो तेही राजाच्या नावावरून. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी 1985 मध्ये म्हैसूर आणि ब्रिटनमधल्या 1750 ते 1850 या शंभर वर्षांतल्या रॉकेटांवर एक निबंध लिहिला. तो वाचताना जाणवते की पराक्रमात किंवा कारागिरीत आपण कमी पडलो नव्हतो. कारागीर हाताने शिकत होता आणि हातानेच शिकवत होता. तो हात तुटला की विद्या संपली. हसन अल-रम्माहचे प्रमाण सातशे वर्षांनंतरही वाचता येते, श्रीरंगपट्टणच्या उस्तादाचे येत नाही. आमच्या समाजात उस्ताद-शागीर्द परंपरेचे फार गोडवे गायले जातात, त्यांनी या ठिकाणी जरा थांबावे.

टिपूच्या बाणाचे चित्र पुढे एका भारतीय मुसलमानाला भेटले ते अमेरिकेत. 1963 मध्ये रामेश्वरमचा एक तरुण इंजिनिअर नासाच्या वॉलप्स बेटावरच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेला. तिथल्या स्वागतकक्षात लढाईचे एक चित्र होते. मागे रॉकेट उडत आहेत आणि ती सोडणारे शिपाई गोऱ्या कातडीचे नाहीत. जवळ जाऊन पाहिले तर टिपूची फौज इंग्रजांशी लढताना. हा तरुण म्हणजे अब्दुल कलाम. आपल्या देशात विसरलेली गोष्ट नासाने भिंतीवर लावली आहे, ही खंत आणि आनंद त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला. मराठीत ते अग्निपंख या नावाने घरोघरी गेले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, शाळांमधून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पोरांना पुस्तके वाटतात, फोटोला हार घालतात. त्या दिवशी काही उडवावे असे अजून कुणाला सुचलेले दिसत नाही.

कलाम परतले आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळात थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारताचे पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकन बनावटीचे नाइकी-अपाची होते. जागा शोधण्यात विक्रम साराभाईंसोबत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. जागेवर सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च उभे होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ते आणि आपले निवासस्थान विज्ञानासाठी सोडून दिले, आणि त्याच चर्चच्या इमारतीत रॉकेटची जुळणी झाली. कलामांकडे जुळणी आणि सुरक्षा ही कामे होती. ऐन वेळी रॉकेट उचलणाऱ्या क्रेनला गळती लागली आणि सगळ्यांनी मिळून हाताने ते जागेवर बसवले.

त्यानंतर चार वर्षांनी, 1967 मध्ये, थुंब्याहून आपले स्वतःचे पहिले रॉकेट उडाले. त्याचे नाव आर-एच-75. रोहिणी मालिकेतले, व्यास 75 मिलिमीटर. म्हणजे साधारण तीन इंच. म्हैसूरच्या मोठ्या नळीचा व्यासही तीनच इंच होता. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण मला तो आवडतो. त्याच सुमारास थुंब्याला आलेले वसंत गोवारीकर यांनी घन इंधनावर काम सुरू केले. साध्या भाषेत सांगायचे तर बाणाची दारू सुधारण्याचे काम. 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा प्रकल्पाचे संचालक कलाम होते आणि थुंब्याच्या केंद्राचे संचालक गोवारीकर. रामेश्वरमचा मुसलमान आणि मराठी ब्राह्मण यांनी मिळून ती दारू भरली. यावेळी सगळे लिहून ठेवलेले होते.

आता त्या मॉडेल रॉकेटकडे वळू, कारण त्याचा जन्मही एका रक्तबंबाळ काळजीतून झाला. 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली शाळकरी मुले वेडी झाली. घराच्या मागच्या अंगणात लोखंडी पाइप घ्यायचा, मिळेल ती दारू ठासायची, वात लावायची. पाइप फुटत, तुकडे अंगात घुसत, बोटे जात, जीवही जात. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा जोड्यांचा दुकानदार होता, त्याला आतषबाजीचा शौक. त्याच्या भावाला विमानांच्या मॉडेलचा. दोन शौक जुळले आणि पुठ्ठ्याचे, छत्रीने परत येणारे, पुन्हा पुन्हा उडवता येणारे रॉकेट तयार झाले. हॅरी स्टाइन या रॉकेट-इंजिनिअरने मुलांच्या अपघातांबद्दल एक लेख लिहिला होता. तो वाचून कार्लाइलने आपले नमुने त्याला पाठवले. दोघांनी मिळून या छंदाला नियम दिले. दारू मुलांनी मिसळायची नाही, कारखान्यात दाबून तयार झालेली छोटी मोटरच वापरायची. पेटवायचे ते दुरून, विजेच्या तारेने. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे रॉकेटला धातूची नळी लावायची नाही.

म्हणजे पाहा, दख्खनच्या बाणाची जी मोठी करामत, लोखंडी नळी, तीच मुलांच्या रॉकेटमधून पहिल्यांदा हद्दपार झाली. कारण सोपे आहे. लोखंड दाब सोसते म्हणून लांब जाते, आणि लोखंड फुटले तर मारते. म्हैसूरला दोन्ही हवे होते. मुलांना यातले काहीच नको. कागद फाटला तर नुसता फाटतो. शोरा, गंधक आणि कोळशाची दारू आजही छोट्या मॉडेल रॉकेटच्या मोटरमध्ये तीच आहे; बदलली ती नळी आणि बदलला हेतू.

आशागडला हे कसे करायचे? तयार मोटरीच्या भानगडीत गावच्या मंडळाने पडू नये. आपल्याकडे 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे नियम आहेत, परवान्याशिवाय दारू मिसळणे हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. शिवाय एक गोष्ट आडपडदा न ठेवता बोललेली बरी. आमच्या मोहल्ल्यातला बाप पोराच्या हातात शोरा आणि गंधकाची पुडी पाहील तेव्हा तो आधी घाबरेल ते पोलिसांना आणि मग स्फोटाला. ही भीती खोटी आहे असे मी म्हणू शकत नाही. पण म्हणून त्या पोराने आकाशाकडे पाहायचेच नाही काय? पाण्याचे रॉकेट उडवावे. शीतपेयाची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिला एक तृतीयांशच्या आसपास पाणी, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, खाली सायकलचा पंप आणि दोरी ओढून लांबून सोडण्याची सोय. हवेचा दाब पाण्याला खाली ढकलतो, बाटली वर जाते. न्यूटनचा नियम तोच, श्रीरंगपट्टणचाही तोच. परवाना नाही, धूर नाही, आणि भातकापणीनंतरच्या वाळल्या गवताला आग लागायची धास्ती नाही. बाटली फक्त प्लास्टिकचीच, आणि पंप मारताना कुणी तिच्यावर वाकायचे नाही.

डहाणूला समुद्र पश्चिमेला. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे जोर धरतो आणि रॉकेट चिकूच्या वाडीत जाऊन अडकते, तेव्हा सकाळीच उरकावे. उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि एक बोल्ट पुरे. रॉकेटपासून पन्नास मीटरवर उभे राहायचे, कोनमापकाच्या कडेवरून सर्वात वरच्या बिंदूकडे पाहायचे. कोन 45 अंश भरला तर उंची पन्नास मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. दुसरे रॉकेट पाणी थोडे कमी करून, तिसरे थोडे वाढवून. प्रत्येक वेळी वहीत पाणी किती, पंप किती वेळा, कोन किती, आणि रॉकेट कोणी बनवले त्याचे नाव.

पंख कुठे लावायचे हे आशागडच्या पोरांना पुस्तकातून शिकवावे लागणार नाही. वारल्यांच्या घरी तीरकामठा असतो. तीराला पुढे लोखंडी टोक आणि मागे पिसे का, हे तिथल्या म्हाताऱ्याला विचारावे. पिसे पुढे आणि वजन मागे असेल तर तीर हवेत उलटतो. रॉकेटचेही अगदी तसेच आहे. वजनाचा मध्य पुढे हवा, वाऱ्याचा दाब जिथे लागतो ती जागा मागे. दिवाळीच्या बाणाची काडी आणि टिपूच्या बाणाचा सहा फुटी बांबू हेच काम करत होते. रॉकेट सोडण्यापूर्वी त्याच्या तोलाच्या जागी दोरी बांधून ते डोक्याभोवती गोल फिरवून पाहतात. नाक पुढे ठेवून फिरले तर उडवायला हरकत नाही. आडवे-तिडवे गेले तर टोकाला थोडी माती लिंपायची आणि पुन्हा फिरवायचे.